थरथरत्या हातांची नोंद ठेवणारे जेम्स पार्किन्सन

११ एप्रिल हा दिवस जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. मराठीत ज्या व्याधीला कंपवात म्हणतात, तिचे वैद्यकीय नाव आता बहुतेक घरांना ठाऊक झाले आहे. हातातला कप बशीत किणकिणू लागतो, सही दिवसेंदिवस बारीक होत जाते, चालताना एक हात हलेनासा होतो आणि तपासणीनंतर डॉक्टरांच्या कागदावर एका इंग्रज माणसाचे आडनाव उमटते. ज्यांचे ते आडनाव, त्या जेम्स पार्किन्सन यांची ओळख मात्र फारशी कोणाला नसते. त्यांचे एकही विश्वासार्ह चित्र उपलब्ध नाही. ज्या चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले, तेथे त्यांची कबर आज ओळखता येत नाही. हयातीत त्यांची कीर्ती होती ती जीवाश्मांचे अभ्यासक म्हणून. राजाच्या हत्येच्या कथित कटाच्या चौकशीत त्यांना एकदा देशाच्या सर्वोच्च मंत्र्यांसमोरही उभे राहावे लागले होते. ज्या ६६ पानी पुस्तिकेमुळे त्यांचे नाव टिकले, ती त्यांनी आयुष्याच्या उतरणीवर, अवघ्या सहा रुग्णांच्या आधारे लिहिली. त्या सहांपैकी तिघे तर त्यांना केवळ रस्त्यावर दिसले होते.

जेम्स यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या ईशान्येकडील हॉक्स्टन येथे झाला. हॉक्स्टन तेव्हा शहराच्या वेशीबाहेरचे, बागा आणि भाजीमळ्यांचे गाव होते. वडील जॉन पार्किन्सन हे गावातले ॲपोथेकरी आणि शल्यचिकित्सक. ॲपोथेकरी म्हणजे औषधे तयार करून देणारा आणि रुग्णही तपासणारा वैद्य. विद्यापीठाची पदवी घेतलेल्या, लॅटिन जाणणाऱ्या मोठ्या फिजिशियनांच्या तुलनेत या वर्गाची प्रतिष्ठा कमी असे. पण सामान्य माणसाच्या दाराशी अपरात्री जाणारा डॉक्टर तोच असे. जेम्स याच परंपरेत वाढले. वडिलांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली आणि १७७६ मध्ये काही महिने लंडन हॉस्पिटलात शिक्षण घेतले. पुढच्याच वर्षी गळफास घेतलेल्या एका माणसाचे प्राण वाचवल्याबद्दल रॉयल ह्युमेन सोसायटीने त्यांना पदक दिले. बुडालेल्या किंवा श्वास थांबलेल्या माणसांना शुद्धीवर आणण्याच्या उपायांचा प्रसार करण्यासाठी ही संस्था १७७४ मध्ये स्थापन झाली होती.

१७८४ मध्ये जेम्स यांना शल्यचिकित्सकाची सनद मिळाली. त्याच वर्षी वडील वारले आणि हॉक्स्टनच्या दवाखान्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. तरीही शिकण्याची आस सरली नव्हती. १७८५ मध्ये त्यांनी विख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांची व्याख्याने ऐकली आणि लघुलिपीत उतरवून घेतली. हंटर यांची शिकवण अशी की, ग्रंथांत काय लिहिले आहे यापेक्षा शरीरात काय दिसते त्यावर विश्वास ठेवावा. पार्किन्सन यांच्या पुढच्या लेखनावर या शिकवणीचा ठसा स्पष्ट उमटलेला आहे. त्या टिपणांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १८३३ मध्ये त्यांच्या मुलाने प्रसिद्ध केले. लघुलिपीचे कसब वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आत्मसात करावे, असा पार्किन्सन यांचा आग्रह असे.

१७८९ मध्ये फ्रान्सात राज्यक्रांती झाली आणि तिचे पडसाद इंग्लंडमध्ये उमटले. मतदानाचा हक्क मूठभरांपुरता होता, धान्य महाग होते आणि युद्धाच्या करांनी लोक पिचले होते. विचारवंत एडमंड बर्क यांनी क्रांतीवर टीका करताना सामान्य जनसमूहाला डुकरांच्या कळपाची उपमा दिली, तेव्हा ती अनेकांना झोंबली. हॉक्स्टनच्या या डॉक्टरांनी ओल्ड ह्युबर्ट हे टोपणनाव घेतले आणि बर्क यांची खिल्ली उडवणारी पत्रके लिहिली. गरिबांच्या हालांची कारणे शोधा, संसदेत सुधारणा करा, पण रक्तपात नको, ही त्यांची भूमिका होती. १७९४ मधल्या त्यांच्या पत्रकाच्या शीर्षकातच रक्ताविना क्रांतीचा पुरस्कार होता. सार्वत्रिक मताधिकाराची मागणी करणाऱ्या लंडन कॉरस्पाँडिंग सोसायटीचे ते सदस्य होते. कारागीर, चांभार, घड्याळजी अशा कष्टकऱ्यांची ही संघटना सरकारच्या डोळ्यांत खुपत होती.

त्याच वर्षी शरद ऋतूत या संघटनेच्या काही सदस्यांना अटक झाली. तिसरे जॉर्ज हे राजे नाट्यगृहात बसलेले असताना हवेच्या बंदुकीतून विषारी बाण मारून त्यांची हत्या करण्याचा कट केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. इतिहासात हे प्रकरण पॉपगन कट म्हणून नोंदले गेले. अटकेतल्या एका परिचिताच्या बाजूने साक्ष देण्यासाठी पार्किन्सन प्रिव्ही कौन्सिलसमोर गेले. समोर प्रत्यक्ष पंतप्रधान विल्यम पिट होते. त्या काळी राजद्रोहाला देहदंड होता आणि विनाचौकशी स्थानबद्धतेला मनाई करणारा कायदाही सरकारने तहकूब केला होता. आपल्याविरुद्ध जाऊ शकतील अशा प्रश्नांची उत्तरे देण्यास पार्किन्सन यांनी प्रथम नकार दिला. मात्र ओल्ड ह्युबर्टची पत्रके आपलीच असल्याचे त्यांनी कबूल केले. घरात बायकोमुले आणि बाहेर रुग्णांची रांग असलेल्या माणसाने पत्करलेली ही जोखीम लहान नव्हती. कटाचा आरोप पुढे टिकला नाही. १७९६ मध्ये खटला चालला आणि आरोपी निर्दोष सुटला.

यानंतर पार्किन्सन यांची लेखणी राजकारणाकडून आरोग्याकडे वळली; पण तिचा वाचक तोच राहिला. १७९९ पासून तीन-चार वर्षांत त्यांनी घरगुती वैद्यकाची अनेक पुस्तके लिहिली. कोणते दुखणे घरी बरे होईल आणि कशासाठी विलंब न करता डॉक्टर गाठावा, हे त्यांनी खेड्यातल्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगितले. मुलांनी कोणते धोकादायक खेळ टाळावेत यावर एक छोटे पुस्तक लिहिले. रसायनशास्त्राची खिशात मावणारी पुस्तिका लिहिली. तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या. स्वतःला जडलेल्या संधिवातासारख्या गाउट या विकारावरही १८०५ मध्ये त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला.

हॉक्स्टनचे रूप तोवर पालटले होते. मळे जाऊन दाट वस्ती आली होती आणि मनोरुग्णांना ठेवणारी खासगी गृहे तेथे चालत होती. त्यांपैकी एका गृहाचे पार्किन्सन वैद्यकीय अधिकारी होते. १८१० मध्ये एका स्त्रीला नातलगाने वेडी ठरवून डांबल्याचा खटला गाजला. तिच्या दाखल्यावर पार्किन्सन यांची सही होती आणि पुरेशी तपासणी न करता ती केल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी अशा गृहांविषयीच्या कायद्यावर पुस्तिका लिहिली. तीत स्वतःची बाजू मांडली आणि व्यवस्थेत सुधारणाही सुचवल्या. हा प्रसंग त्यांच्या चरित्रातला डाग मानला जातो. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबून केलेले निदान किती महाग पडते, हे त्यातून उघड झाले. परगण्याच्या अनाथ-निराधारांच्या कार्यगृहातही ते रुग्णसेवा करत. तेथे तापाची साथ वारंवार येई. तापाच्या रुग्णांसाठी प्रत्येक परगण्यात वेगळा कक्ष हवा, अशी मांडणी त्यांनी पुढे जाहीरपणे केली.

या साऱ्या धावपळीतून उरलेला वेळ त्यांनी दगडांना दिला. शिंपले, प्रवाळ, माशांचे ठसे, हाडांचे दगड झालेले तुकडे यांचा त्यांचा संग्रह नावाजलेला होता. पृथ्वीवर एके काळी नांदलेल्या आणि नामशेष झालेल्या जीवांवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ १८०४, १८०८ आणि १८११ असा तीन खंडांत प्रसिद्ध झाला. इंग्रजी वाचकांसाठी जीवाश्मांची इतकी तपशीलवार आणि सुबोध मांडणी तोवर क्वचितच झाली होती. बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीचा एकेक दिवस म्हणजे एकेक प्रदीर्घ कालखंड असावा, असे मानून त्यांनी श्रद्धा आणि पुरावा यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. १३ नोव्हेंबर १८०७ रोजी लंडनमधील फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये जमलेल्या ज्या मोजक्या मंडळींनी जिऑलॉजिकल सोसायटीची स्थापना केली, त्यांत पार्किन्सन होते. शंखासारख्या वळणाच्या एका लुप्त सागरी जीवाला पुढे त्यांच्या नावावरून पार्किन्सोनिया हे नाव मिळाले. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने उतारवयात त्यांना सुवर्णपदक दिले, तेही या जीवाश्मविद्येच्या कामासाठी.

जीवाश्मांच्या अभ्यासकाला एक सवय लागते. विखुरलेल्या तुकड्यांकडे पाहून ते एकाच प्राण्याचे आहेत का, हे तो ताडतो. १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कंपवातावरील निबंधात पार्किन्सन यांनी नेमके हेच केले. हातांचे थरथरणे वैद्यकाला नवे नव्हते. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनपासून अनेकांनी कंपाचे प्रकार वर्णिले होते. चालताना माणूस नकळत धावू लागतो, याचीही नोंद पूर्वी झाली होती. आयुर्वेदानेही कंपाची गणना वातविकारांत केली होती आणि मराठीतले कंपवात हे नाव त्याच परंपरेतले. पण ही लक्षणे सुटी सुटी पाहिली जात. कंप, पुढे झुकलेला देह, तोकडी आणि घाईची पावले, स्नायूंचे घटत जाणारे बळ, आणि हे सारे वर्षानुवर्षे कलेकलेने वाढत जाणे ही एकाच व्याधीची रूपे आहेत, असे पार्किन्सन यांनी प्रथम ठामपणे मांडले.

त्यांचे सहा रुग्ण निबंधाच्या पानांत आजही जिवंत वाटतात. पहिला पन्नाशी ओलांडलेला, निर्व्यसनी माळी. हाताला अतिश्रम झाल्याने दुखणे जडले, असे त्याला वाटे. दुसरा ६२ वर्षांचा, दंडाधिकाऱ्याच्या कचेरीतला सेवक. तो रस्त्यात भेटला. तिसरा सुमारे ६५ वर्षांचा, धिप्पाड देहाचा खलाशी, तोही रस्त्यातलाच. स्पेनच्या तुरुंगात अनेक महिने उघड्या जमिनीवर झोपावे लागल्याने हे झाले, अशी त्याची समजूत होती. चौथा ५५ वर्षांचा. त्याच्या पुढच्या प्रकृतीची माहिती मिळू शकली नाही. पाचव्याशी तर बोलणेही झाले नाही. तो दुरून दिसला, एवढेच. त्याचा सोबती समोर उभा राहून त्याचे दोन्ही खांदे धरी, त्याला हलकेच पुढेमागे झुलवून तोल साधून देई, मग चटकन बाजूला होऊन पुढे पळे. रुग्ण धावत सुटे आणि सुमारे वीस पावलांवर तो पडण्याआधी सोबती त्याला सावरी.

सहावा ७२ वर्षांचा गृहस्थ. त्याला अकरा-बारा वर्षे कंप होता. मध्यंतरी पक्षाघाताचा झटका आला आणि लुळ्या पडलेल्या अवयवांतला कंप थांबला. काही दिवसांनी अवयवांत बळ परतले आणि त्याबरोबर कंपही परतला. पार्किन्सन यांनी ही गोष्ट आवर्जून टिपली. कंप स्नायूंत नसून त्यांना आज्ञा देणाऱ्या यंत्रणेत उपजतो, याचा तो पुरावा होता.

ही यंत्रणा नेमकी कोठे बिघडते, हे मात्र त्यांना सांगता आले नाही. मृत रुग्णाच्या मेंदूची तपासणी करण्याची संधी त्यांना मिळाली नव्हती. मानेतील मज्जारज्जू आणि त्यालगतचा मेंदूचा खालचा भाग येथे दोष असावा, असा तर्क त्यांनी केला आणि तो केवळ तर्क आहे हे प्रस्तावनेतच स्पष्ट केले. पुराव्याअभावी निबंध लवकर प्रसिद्ध केल्याबद्दल वाचकांची क्षमा मागितली आणि शरीररचनेच्या अभ्यासकांनी या व्याधीकडे लक्ष द्यावे, अशी विनंती केली. मानेजवळून रक्त काढणे, कातडीवर फोड उठवून पू वाहू देणे हे त्यांनी सुचवलेले उपाय आज निरुपयोगी ठरले आहेत. बुद्धी आणि संवेदना या व्याधीत शाबूत राहतात, हे त्यांचे मतही पूर्णपणे खरे ठरले नाही. अनेक रुग्णांत कालांतराने स्मृती आणि विचारशक्तीवरही परिणाम होतो. तरीही लक्षणांचे त्यांचे वर्णन दोन शतके टिकले.

पुस्तिकेची त्या काळी मोठी चर्चा झाली नाही. डिसेंबर १८२४ मध्ये पार्किन्सन यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. २१ डिसेंबरला वयाच्या ६९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शोरडिच येथील सेंट लेनर्ड चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. सुमारे अर्धशतकानंतर पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील ज्याँ-मार्तँ शार्को यांनी शेकडो रुग्ण तपासून या व्याधीचा सखोल अभ्यास केला. स्नायूंचा ताठरपणा पार्किन्सन यांच्या नजरेतून निसटला होता, कारण रस्त्यात दिसलेल्या माणसाचा हात वाकवून पाहता येत नाही. शार्को यांनी ही उणीव दाखवली. प्रत्येक रुग्ण थरथरतोच असे नाही, हेही दाखवले. आणि जुने नाव अपुरे ठरत असल्याने व्याधीला पार्किन्सन यांचे नाव देण्याचा आग्रह धरला. अशा रीतीने पॅरिसच्या एका प्राध्यापकाने लंडनच्या एका विस्मृत स्थानिक डॉक्टराचे ऋण फेडले.

पार्किन्सन यांनी मागितलेले शरीररचनेचे उत्तर १९१९ मध्ये मिळाले. कॉन्स्टन्टिन ट्रेटियाकॉफ या तरुण संशोधकाने पॅरिसमधील आपल्या प्रबंधात दाखवले की, या रुग्णांच्या मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा हा भाग फिकट पडलेला असतो. या लॅटिन नावाचा अर्थ काळा पदार्थ. तेथील चेतापेशींत गडद रंगद्रव्य असते. पेशी मेल्या की रंग उडतो. दोष मानेत नव्हता, थोडा वर होता.

त्या पेशी काय करत होत्या, हे कळण्याच्या वाटेवर भारतातली एक वनस्पती लागते. सर्पगंधेच्या मुळ्या येथे पिढ्यान्‌पिढ्या औषधात वापरल्या जात. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अहवाल ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे तिच्याकडे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी ते सशांना दिले, तेव्हा ससे निश्चल होऊन पडले. मग लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. १९५७ मधल्या या प्रयोगातून डोपामिन हे मेंदूतले स्वतंत्र संदेशवाहक रसायन असल्याचे उमगत गेले; लेव्होडोपापासून मेंदूत तेच तयार होते. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकीविझ आणि हर्बर्ट एहरिंगर यांना कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन अतिशय घटलेले आढळले. पुढच्याच वर्षी रुग्णांना लेव्होडोपा टोचण्यात आले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे काही काळ उठून चालू लागली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडावाटे वाढत्या मात्रेने ते देण्याची रीत बसवली. आजही हेच मुख्य औषध आहे.

हे द्रव्य कोकण-गोव्याच्या कुंपणांवर आणि रानात चढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांतही असते. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळे करून दाखवले होते. बियांतले प्रमाण कमी-अधिक असल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याविना त्या खाणे मात्र धोक्याचे आहे.

लेव्होडोपा उणीव भरून काढते; पेशींचे मरण थांबवत नाही. म्हणून त्या पेशीच का मरतात, हा प्रश्न उरला. तरुण माणसाच्या मध्यमेंदूत डोपामिन बनवणाऱ्या पेशी सुमारे चार ते सहा लाख असतात. १९६४ मध्ये स्वीडनच्या डालस्ट्रोम आणि फुक्स यांनी उंदरांच्या मेंदूत अशा पेशींचे गट पाडून त्यांना क्रमांक दिले. काळ्या पदार्थातील गट मुख्यतः हालचालींशी निगडित आहे, तर त्याला खेटूनच असलेला दुसरा गट इच्छा, आनंद आणि प्रेरणा यांच्याशी. दोन्ही गट एकच रसायन बनवतात. पण कंपवातात पहिला गट ढासळतो आणि दुसरा बऱ्याच अंशी टिकून राहतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांपैकी एकच कोसळावे, तसा हा प्रकार.

याचे एक कारण पेशींच्या आवरणातल्या सूक्ष्म दारांत असावे. या दारांना आयन चॅनेल म्हणतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण त्यांतून आत-बाहेर करतात आणि त्या प्रवाहातून चेतापेशीचा विद्युत संदेश जन्मतो. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी माकुळाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून या संदेशाचे गणित मांडले. १९७६ मध्ये नेहर आणि झाकमान यांनी एकेका चॅनेलमधून वाहणारा प्रवाह मोजण्याचे तंत्र काढले. त्यानंतर डोपामिन पेशींची अंतर्गत लय उलगडू लागली.

या पेशी हृदयासारख्या आपणहून ठोके देतात, सेकंदाला साधारण दोन ते चार. काळ्या पदार्थातील पेशींत या प्रत्येक ठोक्याबरोबर कॅल्शियमची दारे उघडतात आणि कॅल्शियम आत शिरते. ते पेशीत साचून राहणे घातक असल्याने पेशीला ते सतत बाहेर उपसावे लागते. उपसण्याला ऊर्जा लागते आणि ऊर्जा निर्माण करताना पेशीला हानिकारक द्रव्येही तयार होतात. शेजारच्या गटातील पेशींत कॅल्शियमचा हा लोंढा कमी असतो आणि आलेले कॅल्शियम बांधून ठेवणारी प्रथिने अधिक असतात. त्यातच काळ्या पदार्थातील एकेका पेशीचा पसारा अफाट. उंदरासारख्या लहान प्राण्यातही काही पेशींच्या तंतुशाखांची एकत्रित लांबी अर्ध्या मीटरहून अधिक भरली आहे. एवढा संसार आणि अखंड उपसा यांच्या भाराने या पेशी कायम थकव्याच्या काठावर असतात. वय वाढते आणि त्या एकेक करून विझू लागतात. ऊर्जा घटली की उघडणारे पोटॅशियमचे एक दारही दोन्ही गटांत निराळे वागते. उंदरांवरील प्रयोगांत, ऊर्जानिर्मिती खुंटताच काळ्या पदार्थातल्या पेशी त्यामुळे मूक झाल्या, तर शेजारच्या ठोके देत राहिल्या.

हे उमगताच एक आशा पल्लवित झाली. कॅल्शियमची दारे रोखणारी औषधे रक्तदाबासाठी आधीच वापरात होती. २००७ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी दाखवले की, त्यांपैकी इस्राडिपिन या औषधाने उंदरांमधील डोपामिन पेशींना संरक्षण मिळते. अमेरिकेत आणि कॅनडात ३३६ रुग्णांवर तीन वर्षे चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला : औषधाने व्याधीची वाढ मंदावली नाही. रुग्णांच्या कुटुंबांसाठी ही बातमी जड होती. मात्रा अपुरी पडली की उपचारच उशिरा सुरू झाला, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. लक्षणे दिसू लागेपर्यंत या पेशींचा मोठा हिस्सा नष्ट झालेला असतो, ही अडचण तर प्रत्येक उपचारापुढे आहे.

दरम्यान पेशींच्या विविधतेचे चित्र आणखी बारीक झाले. दोन गट मानणेही अपुरे ठरले. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मानवी मेंदूतील एकेका पेशीची जनुकीय तपासणी केली, तेव्हा मध्यमेंदूत डोपामिन पेशींचे दहा प्रकार आढळले. कंपवातात त्यांतील एक प्रकार विशेष वेगाने नाहीसा होत होता. आता शोध त्या एका प्रकारावर एकवटला आहे : त्यात कोणती दारे उघडी राहतात, कोणती जनुके सक्रिय असतात आणि त्याला लवकर आधार देता येईल का.

हॉक्स्टनच्या रस्त्यावर सुरू झालेला शोध असा देहाकडून मेंदूकडे, मेंदूतल्या एका काळ्या पट्ट्याकडे, तेथून पेशीकडे आणि पेशीच्या दाराकडे आला आहे. पार्किन्सन यांच्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला पेशी नव्हती की रुग्णाच्या हाती द्यायला गुणकारी औषध नव्हते. निबंधाच्या अखेरीस त्यांनी एवढीच आशा व्यक्त केली होती की, व्याधी निदान पुढे सरकण्यापासून थांबवता येईल असा उपाय लवकरच सापडेल. लक्षणे आवरणारी औषधे आज आहेत. व्याधीची वाटचाल खात्रीने रोखणारा उपाय मात्र २०० वर्षांनंतरही हाती आलेला नाही.